वानरांची तहान

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं एक लहानशी दुर्घटना घडली. लहानशी म्हणावयाचें कारण इतकेंच कीं, ती माणसाच्या बाबतींत घडली नव्हती. परसांतील विहिरींत माकडाचें एक पिल्लूं बुडून मेलें. सकाळीं पूजेचीं फुलें काढावयास गेलेल्या आमच्या वहिनींनीं तें प्रथम पाहिलें, आणि त्यांची हांक ऐकून घरांतील लहानथोर मंडळी कठड्याभोंवतीं जमली. वर फणसाच्या फांदीवर त्याची आई बसली होती. ती ओरडत नव्हती. नुसती खालीं पाण्याकडे पाहत होती. सूनबाईंनीं मुलांना आंत नेलें. चिरंजीवांनीं बादली सोडून तें पिल्लूं वर काढलें आणि परसाच्या कोपऱ्यांत पुरलें. माझा धाकटा नातू नऊ वर्षांचा आहे. त्या दिवशीं शाळेंतून आल्यावर तो माझ्यापाशीं येऊन बसला आणि म्हणाला, "आजोबा, माकडांना पोहतां येतें असें तुम्हीच सांगितलें होतें ना? मग तें बुडालें कसें?"

चाळीस वर्षें वर्गांत प्रश्न विचारण्याची सवय असलेल्या माणसास घरचा असा एखादा प्रश्न फार जड जातो. त्या दिवशीं मीं कांहींतरी सांगून वेळ मारून नेली. पुढें मात्र त्या उत्तराच्या शोधांत जें वाचलें, रानाच्या कडेस उभें राहून जें पाहिलें, आणि शेवटीं जें स्वतःविषयीं कबूल करावें लागलें, तें सर्व या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहें.

आमचें घर वसईच्या पूर्वेस, तुंगारेश्वराच्या डोंगराच्या पायथ्यानजीक आहे. तुंगारेश्वराचें रान २००३ सालीं अभयारण्य म्हणून जाहीर झालें. त्याचें क्षेत्र सुमारें ८५ चौरस किलोमीटर आहे. श्रावणी सोमवारीं देवदर्शनास जाणाऱ्या वाचकांना तेथील ओढा ठाऊक असेल. पावसाळ्यांत तो ओलांडतांना पायाखालचा दगड दिसत नाहीं. तोच ओढा चैत्र-वैशाखांत जाऊन पाहावा. तापलेल्या गोट्यांचा एक पट्टा, आणि त्यांत मधून मधून एखादें शेवाळलेलें डबकें! आमच्या भागांत वर्षाकाठीं दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. परंतु तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडून, धांवत समुद्रास जाऊन मिळतो. सह्याद्रीचा काळा कातळ त्यांतलें फारच थोडें धरून ठेवतो. उरलेले आठ महिने रानांतील जिवांना त्या थोड्यावर काढावे लागतात. तेव्हां पाण्याचें दुर्भिक्ष्य ही केवळ मरुभूमीची गोष्ट आहे असें समजूं नये. हिरव्यागार कोंकणांतहि तें दर वर्षीं नेमानें येतें.

या रानांत दोन प्रकारचीं मर्कटें आढळतात. एक काळ्या तोंडाचें, करड्या अंगाचें आणि लांबलचक शेपटीचें. त्यास आपण वानर म्हणतों. दुसरें फिकट तांबूस तोंडाचें, बुटकें, डोक्यावर केंसांचा भांग पाडून टोपी घातल्यासारखें दिसणारें, तें माकड. बोलण्यांत आपण एकाच्या जागीं दुसरा शब्द सर्रास वापरतों. परंतु पाण्याच्या बाबतींत या दोन घराण्यांची राहणी अगदीं निराळी आहे.

वानर हें मुख्यतः पाल्यावर जगतें. त्याच्या पोटाला गाईच्या पोटासारखे कप्पे असतात, आणि त्यांत राहणारे सूक्ष्म जंतु पाला आंबवून पचण्याजोगा करतात. कोंवळ्या पानाच्या वजनांत तीन चतुर्थांशाच्या आसपास नुसतें पाणीच असतें. म्हणजे एक किलो कोंवळा पाला पोटांत गेला कीं त्याबरोबर पाऊण लिटर पाणीहि गेलें. तें प्यावयास झाडावरून उतरावें लागलें नाहीं कीं बिबळ्याच्या वाटेस जावें लागलें नाहीं. उन्हाळ्यांत आपण काकडी, कलिंगड आणि ताडगोळे खातों तें ह्याच न्यायानें. फरक इतकाच कीं, आपण तें हौसेनें करतों आणि वानराचा तो संसार आहे. पळस, पांगारा आणि सावर हीं झाडें ऐन कोरड्या दिवसांत फुलतात, आणि त्यांच्या मांसल फुलांवर वानरांचें लक्ष असतें. ओढ्याकांठचा उंबर तर त्यांचें अन्नछत्रच. सकाळच्या गारव्यांत, पानांवर दंव असेल तर तें वाळण्यापूर्वीं, तीं चरावयास लागतात. ऊन चढलें कीं दाट सांवलींत हातपाय सोडून पडून राहतात. कोणी यास आळस म्हणेल. पण अंगांतील पाणी घामावाटे व श्वासावाटे दवडावयाचें नसेल, तर दुपारीं निजणें हाच खरा उद्योग आहे. (आमच्या घरांतील कांहीं मंडळींनीं या वाक्याचा आधार घेण्यास मुळींच हरकत नाहीं.)

पण ही युक्ति सर्व काळ चालत नाहीं. चैत्र सरतां सरतां कांहीं झाडें उघडीं पडतात, कांहींचीं पानें जून होतात. जून पानांत पाणी कमी आणि चोथा फार. मग वानरांच्या कळपाला पाण्यावर येणें भाग पडतें.

माकडाची अडचण याहून मोठी आहे. फळें, बिया, किडे, माणसांनीं टाकलेलें अन्न, जें मिळेल तें तें खातें. दोन्ही गालांत त्याला पिशव्या असतात. घाईघाईनें त्या भरून घ्याव्या आणि मग दूर निवांत बसून खावें, अशी त्याची रीत. परंतु अन्न वाहून नेणारी ही थैली पाण्याच्या कामीं येत नाहीं. म्हणून माकड आपला मुक्कामच पाण्याच्या आसऱ्यानें ठेवतें: ओढा, तळें, देऊळ, धर्मशाळा आणि आतां नळ. झाडाच्या ढोलींत पावसाचें पाणी सांचलेलें असलें तर आंत हात बुडवून तो चाटावयाचा, हीहि त्याची एक जुनी तऱ्हा आहे. आणि पाणी थोडें असलें म्हणजे तेथें मानपान सुरू होतो. आधीं बलवानांनीं प्यावें, मग त्यांच्या आप्तांनीं, शेवटीं दुबळ्यांनीं. आफ्रिकेंतील आंबोसेली येथें रिचर्ड रँगहॅम या शास्त्रज्ञानें तेथील लहान माकडांचा अभ्यास केला आणि तो १९८१ सालीं प्रसिद्ध केला. कोरड्या दिवसांत पाण्यासाठीं माकडामाकडांत चुरस लागते आणि खालच्या पायरीवरच्यांना तींत हार खावी लागते, असें त्यास दिसून आलें. टँकर आला कीं चाळींतील नळकोंडाळ्याशीं काय होतें हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना याचें विशेष वाटणार नाहीं.

आमच्या रानाहून कितीतरी कोरड्या मुलुखांत या घराण्याचे भाऊबंद राहतात. त्यांचे उपाय पाहिले म्हणजे मति गुंग होते. आफ्रिकेच्या नैर्ऋत्येस नामिबचें वाळवंट आहे. तेथें कुइसेब नदीच्या कोरड्या पात्रालगत राहणारीं बबून जातीचीं माकडें पाण्यावांचून दिवसच्या दिवस काढतात. त्यांच्या शरीरांत उष्णमान मोजण्याचें यंत्र बसवून केलेलीं निरीक्षणें १९९९ सालीं प्रसिद्ध झालीं. पाणी नसलें कीं दिवसां त्यांच्या शरीराचें उष्णमान चढत जातें. घाम गाळून तें उतरविण्याच्या भरीस शरीर पडत नाहीं. पाणी मिळालें कीं तें झपाट्यानें उतरतें. मादागास्करमध्यें लेमूर म्हणून आपल्या वानरांचे दूरचे नातलग आहेत. त्यांपैकीं एक लहानसा जीव शेपटींत चरबी सांठवून ठेवतो आणि कोरडा हंगाम लागला कीं झाडाच्या ढोलींत शिरून सात महिन्यांपर्यंत निद्रिस्त होतो! शंभर ग्रॅम चरबी शरीरांत जळली म्हणजे तींतून शंभर ग्रॅमांहून किंचित् अधिकच पाणी निघतें. हा योगी स्वतःची शेपटीच खातो आणि पितो, म्हणा ना.

परंतु माझ्या मनांत भरली ती युगांडांतील एक चिंपांझी मादी. चिंपांझींच्या जातींत मुली वयांत आल्या कीं आपली टोळी सोडून दुसऱ्या टोळींत जातात. पुरुष मात्र जन्मभर घरींच राहतात. २०१५ सालीं बुडोंगोच्या रानांतील एका टोळींत अशी एक नवी मादी आली. कोरड्या दिवसांत ती पाण्याच्या कडेची माती हातांनीं उकरी, खड्ड्यांत पाणी झिरपलें कीं तें पिई. वास्तविक जवळ उघडें पाणी असे. पण मातींतून गाळून आलेलें हें पाणी निवळ असतें. त्या टोळीला ही विद्या ठाऊक नव्हती. बाकीचे भोंवतीं बसून पाहूं लागले, तिच्या खड्ड्यांतून पिऊं लागले, आणि कांहीं पोरें पुढें स्वतः उकरूं लागलीं. हा वृत्तान्त २०२२ सालीं शास्त्रीय मासिकांत आला. माहेरची विद्या सासरीं रुजवावयाची ही कथा मीं रात्रीं जेवतांना सांगितली, तेव्हां सूनबाईंनीं ताकाचें भांडें पुढें सरकवीत विचारलें, "आणि तिच्या सासऱ्यांनीं काय केलें?" मीं सांगितलें, तोहि तेंच पाणी प्याला असावा.

आतां एक गोष्ट आपल्याविषयीं. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेप्रमाणें मनुष्याच्या शरीरांत रोज जेवढें पाणी खेळतें तें चिंपांझी, गोरिला इत्यादि मोठ्या वानरांच्या मानानें ३० ते ५० टक्के कमी भरतें. म्हणजे शरीरानें पाहिलें तर या सर्व गोतावळ्यांत काटकसरी आपणच. शरीराबाहेरच्या वापरांत, मोरीपासून मोटारी धुण्यापर्यंत, ती काटकसर कोठें जाते हा विषय निराळा.

असो. पाणी अंगांत राखणें ही अर्धी विद्या झाली; तें कोठें आहे हें जाणणें ही दुसरी अर्धी. रामायणाच्या किष्किंधाकांडांत यासंबंधीं एक प्रसंग आहे. वर्गांत तो शिकवितांना मीं त्याकडे केवळ कथा म्हणून पाहिलें होतें. सीतेच्या शोधार्थ दक्षिणेस निघालेले वानरवीर भुकेनें आणि तहानेनें व्याकुळ झाले आहेत. त्यांना वेलींनीं झांकलेलें एक बीळ दिसतें, ऋक्षबिल त्याचें नांव. त्यांतून हंस, सारस, चक्रवाक बाहेर पडत आहेत. त्यांचीं अंगें ओलीं आहेत आणि त्यांवर कमळाचे पराग आहेत. मारुती तेवढ्यावरून सांगतो कीं आंत विहीर किंवा तळें असलें पाहिजे. धुरावरून अग्नि ओळखावा तसें हें शुद्ध अनुमान आहे. एकमेकांस धरून ते अंधारांत शिरतात आणि आंत खरोखरच पाणी सांपडतें. वनांतील खरीं मर्कटेंहि याच मार्गानें जातात. कोणतें डबकें कोणत्या महिन्यापर्यंत टिकतें, कोणत्या ढोलींत पाणी राहतें, हें कळपांतील जुन्या माद्या जाणतात आणि बाकीचीं त्यांच्या मागें जातात.

त्या कथेचा पुढला भाग मात्र मीं वर्गांत नेहमीं घाईनें उरकीत असें. ऋक्षबिलांत शिरलेल्यास आपल्या पायांनीं बाहेर येतां येत नसे. वानरांना डोळे मिटावयास सांगून स्वयंप्रभा नांवाच्या तपस्विनीनें त्यांस बाहेर काढलें, म्हणून ते वांचले.

दुसरी कथा पंचतंत्राच्या पांचव्या तंत्रांतील. तहानलेला एक वानरयूथप कमळांनीं भरलेल्या सरोवरापाशीं येतो. पाणी समोर आहे. पण तो एकदम पुढें होत नाहीं. कांठावर पाउलें पाहतो, तों सर्व पाउलें आंत गेलेलीं आणि बाहेर आलेलें एकहि नाहीं. मग तो दुरूनच कमळाच्या देंठाची नळी करून पाणी पितो. कारण आंत राक्षस आहे. विष्णुशर्म्याचा राक्षस आमच्या रानांत नाहीं, पण बिबळ्या आहे, आणि तोहि पाण्याजवळच दबा धरतो. पाण्यावर येणारीं वानरें मीं ओढ्याच्या कडेनें पुष्कळदां पाहिलीं आहेत. आधीं झाडावर बसून किती तरी वेळ नुसतें पाहणें. मग एकटेंच एक खालीं येतें. तें पिऊन परत चढलें म्हणजे बाकीचीं दोन-दोन, तीन-तीन. पुढचे हात वांकवून पाण्यास ओंठ लावावयाचे, चार घोट घेतले न घेतले तोंच मान वर. बुद्धपौर्णिमेस आपल्याकडील अनेक अभयारण्यांत वनखात्याच्या परवानगीनें पाणवठ्याशेजारीं मचाणावर बसून प्राण्यांची गणना करतात; तेथें बसलेल्यांसहि हेंच दिसतें. तहान कितीहि लागो, परतीची वाट डोळ्यांआड होऊं द्यावयाची नाहीं.

मग तें पिल्लूं आमच्या विहिरींत कसें बुडालें?

माझें आजोळ पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूस वाडींत होतें. त्या भागांत पूर्वीं घरोघर बावखल असे. बावखल म्हणजे वाडीला पाणी देण्यासाठीं खणलेलें गोड्या पाण्याचें तळें. कडेला रहाट, त्याला बैल, रहाटाच्या माळेस गाडगीं, आणि पाटानें केळींना व पानवेलींना पाणी. आजोळच्या बावखलाच्या तीन कडा मातीच्या आणि उतरत्या होत्या. म्हैस उतरे, बदकें उतरत, मुंगूस येई, आम्ही पोरें तर दिवसभर आंतच. कोणी बुडालें नाहीं असें नाहीं. पण आंत पडलेला जीव ज्या बाजूस वळेल त्या बाजूस त्याच्या पायाला जमीन लागे. पुढें टँकरवाल्यांनीं वसईच्या पोटांतलें गोडें पाणी उपसलें, कित्येक विहिरी मचूळ झाल्या, आणि इमारतींसाठीं बावखलें मातीनें बुजविलीं गेलीं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'हरित वसई'च्या चळवळीनें या गोष्टीविरुद्ध पुष्कळ रान उठविलें. त्यामुळें कांहीं वांचलें, पुष्कळसें गेलें. आजोळच्या बावखलावर आज चार मजले उभे आहेत.

आमची परसांतील विहीर मात्र राहिली. ती जुन्या घडीव दगडांची होती. आंत उतरावयास एकाआड एक दगड हातभर बाहेर काढलेले होते, आणि सांधीसांधींतून पिंपळाचीं मुळें लोंबत. बारा वर्षांपूर्वीं एका बाजूचे दगड ढासळूं लागले, म्हणून मीं ती दुरुस्त करविली. गवंडी वृद्ध आणि अनुभवी होता. त्यानें विचारलें, "गुरुजी, पायदगड ठेवूं कां?" मीं म्हटलें, "कशाला? पंप बसविला आहे, उतरतो कोण?" पायदगड छाटले, मुळें तोडलीं, वरपासून खालपर्यंत सीमेंटचा गुळगुळीत गिलावा केला. काम इतकें सुबक झालें कीं शेजारचे लोक पाहावयास आले होते. पुढें आळीस नळ आला आणि विहिरीकडे आमचें जाणें कमी झालें. पूर्वीं पाणी शेंदतांना कठड्यावर सांडे, जवळची दगडी डोण गुरांसाठीं भरलेली असे. आतां डोणींत सुकलेलीं पानें असतात, आणि पाणी वीस हात खालीं.

नातवाच्या प्रश्नाचें उत्तर हें होतें. माकडांना पोहतां येतें, यांत शंका नाहीं. तें पिल्लूं पोहलेंच असेल. त्याच्या नखांचे ओरखडे गिलाव्यावर सभोंवार मीं स्वतः पाहिले. परंतु पोहून कांठाला लागावयाचें असतें. जेथें कांठच नाहीं तेथें पोहणारा दमतो, दुसरें काय होणार? हजारों पिढ्यांच्या अनुभवानें माकडाला बिबळ्या ठाऊक झाला आहे, मगर ठाऊक झाली आहे, आटणारें डबकें ठाऊक झालें आहे. चारी बाजूंनीं उभ्या, गुळगुळीत भिंती असलेलें पाणी हें त्याच्या अनुभवांत कोठून असणार? तें मीं केलें, आणि तेंहि बारा वर्षांपूर्वीं.

हा एकट्या आमच्या घरचा दोष असता तर लेख लिहिण्याचें कारण नव्हतें. जून २०२४ मध्यें, कडक उष्म्याच्या लाटेंत, झारखंडांतील पलामू जिल्ह्यांत शेतीच्या एका विहिरींत ३० हून अधिक माकडें मरून पडलेलीं आढळलीं. आसपासचें पाणी आटलें होतें. तहानेनें तीं आंत उतरलीं आणि त्यांस वर येतां आलें नाहीं, असें तेथील वनाधिकाऱ्यांचें म्हणणें पडलें. एका माकडामागें दुसरें गेलें असेल. एकमेकांस धरून ऋक्षबिलांत शिरलेले वानर मला त्या रात्रीं फार वेळ आठवत राहिले.

मग घरांत खल सुरू झाला. चिरंजीव म्हणाले, सबंध विहिरीवर लोखंडी जाळी टाकूं. सूनबाईंचेंहि मत तेंच. घरांत लहान मुलें आहेत, त्यांच्या मनांतली भीति केवळ माकडांपुरती नव्हती. वहिनी मात्र संतापल्या. "पाणीच झांकून टाकलेंत तर तीं मुकीं जनावरें जाणार कुठें?" असें म्हणून त्यांनीं कुंपणाशीं पाणी तर ठेविलेंच, पण केळीं आणि पोळ्याहि ठेवावयास आरंभ केला. मीं त्यांस विरोध केला. वनखातें सांगतें कीं रानांतील माकडांना खाऊं घालूं नये, आणि तें खरें आहे. चार दिवस केळें मिळालें कीं पांचव्या दिवशीं माकड स्वयंपाकघरांत येतें, आणि मग तेंच माकड धरून न्या म्हणून आपणच अर्ज करतों.

पण वहिनींच्या बाजूनेंहि एक पुरावा आहे, तो मीं लपवूं नये. जोधपूर शहराभोंवतीं वानरांचे कळप आहेत, आणि तेथील लोक श्रद्धेनें त्यांना रोज खाऊं घालतात. प्राध्यापक मोहनोत व त्यांचे सहकारी यांनीं या वानरांचा अनेक वर्षें अभ्यास केला. २००० सालच्या दुष्काळांत कुंभलगडच्या अभयारण्यांतील वानरांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. जोधपूरच्या वानरांना मात्र त्या दुष्काळाची झळ फारशी लागली नाहीं. वहिनींना मीं हें वाचून दाखविलें. त्या एवढेंच म्हणाल्या, "मग इतके दिवस वाद कशाला घातलात?"

शेवटीं जें ठरलें तें कोणालाच पूर्ण पसंत पडलें नाहीं. एकत्र कुटुंबांत बहुधा तसेंच होतें. विहिरीचा तीन चतुर्थांश भाग जाळीनें झांकला. फणसाच्या बाजूचा चतकोर उघडा ठेविला, आणि मुलांसाठीं तेवढ्या भागापुरता कठडा छातीइतका उंच केला. त्या उघड्या भागांतून एक लांब, खरबरीत, फांद्यांसकट तोडलेला बाभळीचा ओंडका तिरपा आंत सोडला. त्याचें टोंक पार तळाशीं टेकविलें, कारण वैशाखांतलें पाणी आषाढांतल्या पाण्याहून फार खालीं असतें. अर्ध्यावर लोंबणाऱ्या दोराचा त्या वेळीं उपयोग नाहीं. शिवाय ओंडक्याशेजारीं गांठी मारलेला काथ्याचा जाड दोर सोडला. दोहोंचा मिळून खर्च एका साध्या साडीहून अधिक आला नाहीं. लांकूड कुजतें, म्हणून दर दोन वर्षांनीं तें बदलावें लागेल. आणि कुंपणाबाहेर, आमच्या दारापासून दूर, जुनी दगडी डोण नेऊन ठेविली. वहिनी ती रोज दोन बादल्यांनीं भरतात. अन्न ठेवावयाचें नाहीं, हा करार. डोण एक दिवसाआड घासून रिकामी करावी लागते, नाहींतर डांसांची पैदास होते. हें काम माझ्याकडे आलें आहे. ज्या वाचकांच्या शेतांत किंवा परसांत वापरांत नसलेली उघडी विहीर आहे, त्यांनीं निदान एक ओंडका तरी सोडून पाहावा.

पहिले आठ दिवस एकहि माकड विहिरीकडे फिरकलें नाहीं. नातवाला मीं पंचतंत्रांतील कथा सांगितली होती. त्यानें कोणास न विचारतां वहिनींच्या डब्यांतली रांगोळी घेऊन उघड्या बाजूच्या कठड्यावर पसरली, आणि रोज शाळेस जाण्यापूर्वीं तो ती पाहूं लागला. ज्येष्ठाच्या आरंभीं एका सकाळीं तो मला झोंपेंतून उठवून परसांत घेऊन गेला. रांगोळींत लहान हातांचे ठसे आंत गेलेले होते. त्यांच्या शेजारीं, ओले आणि चिखलाचे, बाहेर आलेले ठसे होते. त्यानें ते दोनदां मोजले. वहिनी रांगोळीचा डबा आतां कपाटांत कुलुपाआड ठेवतात.